जरा सावकाश पळू या!

व्हिटबीच्या बंदराजवळ शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास निळी कानटोपी घातलेला, मोठमोठ्याने मराठीत बोलत अतिशय हळू पळणारा एक मनुष्य दिसला, तर घाबरू नका. तो मीच. मी स्वतःशी बोलत नसतो, पुण्याला बाबांशी बोलत असतो. इथे उन्हाळ्यात साडेसात वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच झालेले असतात आणि बाबा फर्ग्युसन कॉलेजच्या मागची हनुमान टेकडी चढत असतात. ते टेकडीवर आणि मी तळ्याकाठी, असा आमचा बापलेकांचा फिरायला जाण्याचा कार्यक्रम गेलं दीड वर्ष चालू आहे.

माझा वेग विचाराल तर एका किलोमीटरला आठ मिनिटं. मुलांची गाडी ढकलत पळणाऱ्या आया मला मागे टाकून जातात. एकदा तर आमच्या गल्लीतले सत्तरीचे आजोबा झपाझप चालत बराच वेळ माझ्या बरोबरीने आले आणि जाताना "कीप इट अप" म्हणून गेले. पूर्वी मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगण्यासाठी आज या पानावर लिहायला बसलो आहे.

मी काही डॉक्टर नाही. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर, वय ३८. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. ऑफिसला जायचं असेल त्या दिवशी व्हिटबी ते युनियन स्टेशन जाऊन-येऊन दोनेक तास गो ट्रेनमध्ये, म्हणजे पुन्हा खुर्चीतच. आपल्यापैकी पुष्कळांची दिनचर्या अशीच असणार.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घराचं मॉर्गेज रिन्यू केलं, तेव्हा सौ.च्या आग्रहावरून माझा आयुर्विमा वाढवायचं ठरलं. विमा कंपनीने नर्स घरी पाठवली, रक्त घेतलं आणि महिन्याभराने पत्र आलं. हप्ता ठरल्यापेक्षा बराच जास्त. कारण? ए-वन-सी ६.२. हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देतो. डायबिटीस कॅनडाच्या मापाप्रमाणे ६.० ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ म्हणजे उंबरठा ओलांडला. माझा विश्वासच बसेना. पोट सुटलेलं नाही, सिगारेट नाही, दारू सणासुदीला. आई तर फोनवर अजून म्हणते, "किती रोडावलास रे!"

या रोडावलेल्या माणसाचं कोडं आपल्या पुण्यातच उलगडलेलं आहे, हे मला नंतर कळलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःच्याच दोन शरीरांची तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन काढण्याचं जे माप असतं, बीएमआय, ते दोघांचंही अगदी सारखं, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून बारीक, आतून लठ्ठ. लेखात त्यांनी मिश्किलपणे हेही नोंदवलं आहे की युडकिन मॅरेथॉन पळतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलची लिफ्ट बंद होण्याआधी ती पळत जाऊन गाठणं. आपल्या लोकांना मधुमेह लवकर आणि कमी वजनावरही गाठतो, यामागे जन्माआधीच्या पोषणापासून अनेक कारणं आहेत. केवळ व्यायामाने सगळं फिटतं असं कोणी म्हणत नाही. पण लिफ्टमागे धावणाऱ्या त्या वाक्यात मला माझी गो ट्रेन दिसली.

आणि बाबा दिसले. बाबा पिंपरीला कारखान्यात होते. लहानपणी मी त्यांना फक्त एकाच कारणासाठी पळताना पाहिलं आहे, कंपनीची बस पकडायला. डबा हातात, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. वयाच्या ५२व्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला, मग बायपास. मी तेव्हा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर रात्रभर बसलेल्या आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. विमा कंपनीचं ते पत्र हातात घेऊन मी हिशेब केला, मी ५२चा होईन तेव्हा आमची मुलगी किती वर्षांची असेल? एकोणीस. म्हणजे तीही अशीच कुठल्यातरी बाकावर बसायच्या वयाची.

झालं, दुसऱ्या दिवसापासून पळायला सुरुवात! आता इंजिनियर माणूस पळणार म्हणजे नुसता थोडाच पळणार? मनगटावर घड्याळ आलं, फोनवर अॅप आलं, एक्सेल शीट झाली, 'दहा आठवड्यांत दहा किलोमीटर' असा बेत ठरला. दर आठवड्याला वेग वाढलाच पाहिजे, हा माझा हट्ट. पहिले तीन आठवडे अंगात वारं भरलं होतं. पाचव्या आठवड्यात नडगी इतकी दुखायला लागली की जिना उतरताना कठड्याला धरावं लागे. फिजिओथेरपीच्या सहा खेपा झाल्या, आणि महागाचे बूट कपाटात गेले. आमच्या बेसमेंटमधली ट्रेडमिल याच काळातली. सध्या तिच्यावर ओले टॉवेल छान वाळतात.

फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी जे समजावलं ते प्रत्येक नवशिक्याने ऐकण्यासारखं आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. स्नायू त्यांच्या मागोमाग येतात. पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांना महिनोन्महिने लागतात. त्यामुळे दम लागेनासा झाला की माणसाला वाटतं, आता वेग वाढवू या. आणि नेमकं तेव्हाच पाय मागे पडलेले असतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार जमिनीवरून परत येतो. तो पेलायला पायांना वेळ दिलाच पाहिजे.

"मग मी किती हळू पळू?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकं."

हे माप फार जुनं आणि फार साधं आहे. पळता पळता बोलता आलं तर वेग बरोबर, एकेक शब्द तोडून बोलावं लागलं तर वेग जास्त. घड्याळ नको, अॅप नको. फक्त बोलायला माणूस हवा. सौ. सकाळी सातच्या आधी कोणाशीही बोलत नाहीत, म्हणून मी बाबांना फोन लावला.

पहिल्याच शनिवारी बाबांनी मला पकडलं. "अरे, धापा काय टाकतोयस? बस सुटतेय का तुझी?" मी हळू झालो. अजूनही माझं तेच माप आहे. 'काल कुकरची शिट्टी बिघडली' ही बाबांची साग्रसंगीत हकीकत ऐकून मला त्यावर तितकंच साग्रसंगीत उत्तर देता आलं, की वेग ठीक.

आता काही वाचक विचारतील, आणि आमच्या मित्रमंडळींत सगळ्यांनी विचारलंच आहे, "एवढ्या हळू पळण्यापेक्षा सरळ चालत का नाहीस?" चालणंही उत्तमच! ज्यांचे गुडघे कुरकुरतात, वजन जास्त आहे किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी चालावंच. कॅनडाच्या तज्ज्ञांची मोठ्या माणसांसाठी शिफारस आठवड्याला १५० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचालीची आहे, आणि भरभर चालणं त्यात बसतं. हळू पळण्यात एवढंच की तितक्याच वेळात काम थोडं जास्त होतं, आणि ज्याच्याकडे सकाळची चाळीसच मिनिटं आहेत त्याला ते परवडतं.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. "हळू पळून काही होत नाही, घाम निघाला पाहिजे!" हे मात्र खरं नाही. स्नायू हलतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात, आणि व्यायाम संपल्यावरही साधारण एक-दोन दिवस शरीर इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतं. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला रविवारी एकदाच जीव तोडून पळण्यापेक्षा दिवसाआड थोडं थोडं पळणं जास्त उपयोगी. कोपनहेगनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या एका मोठ्या हृदयपाहणीचे निष्कर्ष २०१५ साली आले, त्यात सर्वांत कमी मृत्यू आठवड्याला एक ते अडीच तास हळू किंवा मध्यम वेगाने पळणाऱ्यांत आढळले. त्यावर टीकाही झाली, कारण जोरात पळणाऱ्यांचा गट फार लहान होता. तेव्हा 'जोरात पळणं वाईट' असा अर्थ मी काढणार नाही. पण 'हळू पळणं फुकट' हे म्हणणं त्यातून नक्कीच निकालात निघतं. शिवाय न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांच्यासारख्या नावाजलेल्या प्रशिक्षकाने ऑलिम्पिक विजेते घडवले तेही भरपूर लांब, बेताच्या वेगाच्या पळण्याचा पाया घालून.

आणि नमुना पाहायचा तर लांब कशाला जायचं? २०११च्या ऑक्टोबरमध्ये टोरांटो वॉटरफ्रंट मॅरेथॉनमध्ये फौजासिंग नावाचे सरदारजी ४२ किलोमीटर पूर्ण करून आले. वय वर्षं १००, वेळ आठ तासांहून थोडी जास्त. जन्माचा दाखला नसल्यामुळे गिनेसने त्यांचा विक्रम मानला नाही, ते सोडा. त्या दिवशी त्यांच्यापेक्षा जलद पळालेल्या हजारोंपैकी किती जणांची नावं आपल्याला आठवतात?

ही आरोग्याची बाजू झाली. पण या पानाचं नाव 'आरोग्य आणि अर्थ' आहे, तेव्हा थोडा पैशांचाही हिशेब मांडतो. मी आठवड्यातून तीनदा पाच-पाच किलोमीटर पळतो. वर्षाचे झाले सुमारे ७५० किलोमीटर. बुटांचा एक जोड साधारण तेवढा टिकतो आणि मला तो १५० डॉलरला पडतो, म्हणजे किलोमीटरला वीस सेंट. रक्ताची चाचणी फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिली की ओहिपमध्ये होते. माझ्या पहिल्या उत्साही पर्वात घड्याळ, ट्रेडमिल आणि फिजिओथेरपी मिळून जे गेलं त्यात पुण्याचं एक तिकीट आलं असतं.

पैशाच्या बाबतीत आपण मराठी माणसं सहसा शहाणपणाने वागतो. दर महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकायचं, व्याजावर व्याज चढू द्यायचं, रोज उठून भाव बघायचा नाही, हे आपल्याला रिकरिंग डिपॉझिटपासून माहीत आहे. मग शरीराच्या बाबतीतच आपण फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात धावतपळत आरआरएसपी भरणाऱ्यांसारखे का वागतो? जानेवारीत जिमची वर्षाची वर्गणी, मार्चपासून दांडी.

चौदा महिन्यांनी माझा ए-वन-सी ५.८ आला. सगळं श्रेय पळण्याला देणार नाही. भात अर्ध्यावर आला आणि चहातली साखर गेली, ते श्रेय सौ.चं. ५.८ म्हणजे निर्धास्त व्हावं असाही नव्हे, पण आकडा उतरला. विमा कंपनीने पुन्हा तपासणी करून हप्ताही थोडा कमी केला. प्रत्येकाच्या बाबतीत तसं होईल असं नाही, पण अर्ज करून पाहायला हरकत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगितलं.

आता रस्त्याबद्दल. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "रोज तोच रस्ता? कंटाळा नाही येत?"

माझा रस्ता घरापासून बंदर, तिथून वॉटरफ्रंट ट्रेलने हेडनशोर पार्क आणि परत. रस्ता ठरलेला असला की सकाळी सहा वाजता डोक्याला काही ठरवावं लागत नाही, पाय आपोआप निघतात. कुठल्या वळणावर फेब्रुवारीत काचेसारखं बर्फ धरतं, कुठला दिवा बंद असतो, कुठल्या घरचा कुत्रा फक्त भुंकतो, सगळं ठाऊक असतं. हिवाळ्यात अंधारात पळायचं तर हे फार मोलाचं. अगदीच बर्फ असेल त्या दिवशी मी बुटांना काटे लावून चालतो, आणि उणे वीसला सरळ घरी बसून पोहे खातो.

आणि कंटाळ्याचं म्हणाल, तर जो रस्ता आपण खरोखर कधी पाहिलेलाच नाही त्याचा कंटाळा कसा येणार? या गावात आम्ही चार वर्षं राहिलो होतो, पण माझ्यासाठी व्हिटबी म्हणजे ४०१ हायवेचे दोन एक्झिट, गो स्टेशनचा पार्किंग लॉट आणि किराणा. पाहुणे आले की नायगारा. हळू पळायला लागल्यावर गाव दिसायला लागलं. पश्चिमेला लिंड शोअर्सच्या रानात चिकाडी नावाचे चिमुकले पक्षी तळहातावर येऊन दाणे टिपतात. मुलीच्या हातावर पहिल्यांदा तो पक्षी बसला तेव्हा तिने श्वाससुद्धा रोखून धरला होता. पूर्वेला ऑशवाच्या हद्दीजवळ तळ्याकाठी इंट्रेपिड पार्क आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात गुप्तहेरांना शिकवायची छावणी होती, कॅम्प एक्स. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच्या आदल्या दिवशी, ६ डिसेंबर १९४१ला ती सुरू झाली. एवढा इतिहास घराजवळ, आणि मला त्याचा पत्ता एका संथ रविवारी तिथला स्मृतिस्तंभ वाचायला थांबलो तेव्हा लागला. वेळ मोजत असतो तर थांबलोच नसतो.

मे महिन्यात कॅनडा गीजची पिवळी पिल्लं रांगेने रस्ता ओलांडतात, तेव्हा सगळे पळणारे निमूट उभे राहतात. तिथेच आमच्या ओळखी झाल्या. मासे पकडणारे एक फिलिपिनो गृहस्थ मला रोज पाण्याचा रंग सांगतात. गेल्या डिसेंबरात मी दहा दिवस तापाने झोपलो होतो. परत गेलो तर ते म्हणाले, "कुठे होतास? आम्हाला वाटलं घर विकून गेलास." मंडळी, या देशात येऊन मला अकरा वर्षं झाली. मी एखाद्या जागी दिसलो नाही म्हणून कोणाला चुकल्यासारखं वाटावं, हे ऑफिसबाहेर पहिल्यांदाच घडलं. कॅनडाचा पासपोर्ट मिळाला त्या दिवशी वाटलं नव्हतं इतकं त्या सकाळी वाटलं, की हे माझं गाव आहे.

मला वाटतं, आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसांची खरी अडचण वेळेची नाही, घाईची आहे. आधी व्हिसाची घाई, मग पीआरची, मग घराची, मग मुलांच्या क्लासेसची. त्या घाईनेच आपल्याला इथवर आणलं, तिला नावं ठेवत नाही. पण मग व्यायामालाही आपण तीच घाई लावतो, वेग काढतो, वेळा मोजतो, व्हॉट्सअॅपवर टाकतो, आणि दोन महिन्यांत थकून सोडून देतो. आठवड्यातले दोन तास तरी असे असू द्या की त्यात कोणाच्या पुढे जायचं नाही.

दोन गोष्टी मात्र गांभीर्याने सांगतो. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर पळताना साखर एकदम उतरू शकते, त्याबद्दलही विचारून घ्या. आणि पळताना छातीत दुखलं, दाटल्यासारखं वाटलं किंवा भोवळ आली, तर थांबा आणि ९११ला फोन करा. 'ॲसिडिटी असेल' म्हणून पुढे जाऊ नका. बाबांनी ॲसिडिटी म्हणूनच पूर्ण एक शिफ्ट काढली होती.

या लेखातून मला कुठला ग्रुप काढायचा नाही. कमिटी नको, टी-शर्ट नको, वर्गणी तर नकोच. तुमच्या दारातून जो रस्ता निघतो, मग तो ब्रॅम्प्टनचा असो, मिसिसागाचा असो की ब्रुकलिनचा, त्या रस्त्याने उद्या वीस मिनिटं जा आणि परत या. आधी चाला, मग थोडं पळा, पुन्हा चाला. सोबत कोणी नसेल तर आई-बाबांना फोन लावा. नाहीतरी "वेळ मिळत नाही" म्हणून तो राहूनच जातो.

बाबा आता ७० वर्षांचे आहेत. मागच्या शनिवारी फोनवर त्यांचा श्वास थोडा लागलेला ऐकू आला. मी म्हटलं, "बाबा, जरा सावकाश. बस सुटत नाहीये."

पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला, आणि मग टेकडीवरच्या मोराचा.